इग्वानाच्या पिल्लावरचे डाग: कोणते त्याचे, कोणते दुखण्याचे

प्रश्न थोडक्यात असा: आठवड्यापूर्वी विकत आणलेलं हिरव्या इग्वानाचं पिल्लू, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत साधारण ३० सेंटीमीटर. दोन्ही कुशींवर काळसर नागमोडी रेघा आहेत, पाठीवर दोन-तीन पांढुरके चट्टे आहेत आणि शेपटीचं शेवटचं दीड-दोन सेंटीमीटर काळं पडलंय. पिल्लू खातं, पण थोडंच. दुकानदार म्हणतो, ‘कात टाकतंय, काही करू नका.’ हा त्वचारोग आहे का?

या तीन खुणा तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगताहेत. रेघा बहुधा थंडीच्या आणि ताणाच्या आहेत, चट्टे बहुधा कातीचेच आहेत, आणि शेपटीचं टोक ही एकच गोष्ट अशी आहे की जिच्याकडे आज, आत्ता बघायला हवं. म्हणजे दुकानदाराचं निदान एक तृतीयांश बरोबर आहे; ‘काही करू नका’ हा सल्ला मात्र साफ चूक.

शेपटीपासून सुरुवात करा. काळं टोक तीन प्रकारचं असतं. पहिला प्रकार जन्मजात. पिल्लाच्या शेपटीवर हिरवे आणि गडद तपकिरी पट्टे आळीपाळीने असतात आणि शेवटचा पट्टा कधीकधी टोकापर्यंत गडदच राहतो. अशा टोकावरचे खवले भरलेले दिसतात, जाडी हळूहळू एकसारखी कमी होत जाते आणि रंगाची सीमा खवल्यांच्या रांगेला धरून असते. दुसरा प्रकार पुन्हा उगवलेल्या शेपटीचा. दुकानात दाटीवाटीत ठेवलेल्या पिल्लांच्या शेपट्या सर्रास तुटतात आणि नवीन आलेला भाग मूळ भागासारखा नसतो: खवले बारीक आणि ओबडधोबड, रंग सलग काळपट, पट्टे नाहीत, वरचे बारीक काटे नाहीत. जोड स्पष्ट दिसतो. दिसायला वाईट, पण तो भाग जिवंत आणि लवचिक असतो. त्याला काहीही करायचं नाही.

तिसरा प्रकार मेलेल्या टोकाचा. ते वाळक्या काडीसारखं कडक, सुरकुतलेलं, आजूबाजूच्या भागापेक्षा बारीक झालेलं असतं. सीमेवर नीट पाहिलं तर बहुतेक वेळा जुन्या कातीचं एक पातळ कडं सापडतं, कधीकधी एकावर एक दोन-तीन. सापाची कात सलग निघते, इग्वानाची तुकड्यातुकड्यांनी. हवा कोरडी असली की शेपटीवरची आणि बोटांवरची कात सुटत नाही, सुकून आवळते, आणि दोरा बांधल्यासारखा रक्तपुरवठा तोडते. आत वाढतं शरीर, बाहेर न वाढणारं कडं. पिल्लांमध्ये हे म्हणूनच जास्त आणि झपाट्याने होतं.

तपासताना शेपूट चिमटीत धरून ओढू नका. घाबरलेलं पिल्लू ती तोडून मोकळं होईल. पिल्लू तळहातावर बसवा, दुसऱ्या हाताचं एक बोट टोकाखाली धरून हलकेच वर उचला. वाकलं तर जिवंत, काटकीसारखं ताठ राहिलं तर मेलेलं. कडं सापडलं तर अंगाला कोमट लागेल अशा, साधारण ३० अंश सेल्सिअसच्या पाण्यात पिल्लाला १५-२० मिनिटं ठेवा. पाणी खांद्याच्या खालीच हवं आणि तुम्ही समोरून हलायचं नाही. मग ओल्या इअरबडने कडं टोकाच्या दिशेने गोल फिरवत सरकवा. निघालं नाही तर सोडून द्या, उद्या पुन्हा. दोन-तीन दिवसांत बहुतेक कडी सुटतात. कोरडी कात नखाने ओढली तर खालची नवी त्वचाही सोलून येते, आणि मग खरोखरचा जखमेचा डाग तयार होतो.

मेलेला भाग परत जिवंत होत नाही, हे मान्य करून पुढे जा. तो कोरडा राहिला आणि सीमा जिथल्या तिथे राहिली, तर काही आठवड्यांत आपोआप गळून पडतो. सीमा सरकतेय का हे डोळ्यांनी ठरवू नका. शेपटीशेजारी पट्टी ठेवून दर तिसऱ्या दिवशी फोटो काढा. काळेपणा वर चढत असेल, सीमेजवळ सूज, ओल किंवा वास असेल, तर एक-दोन दिवसांत पशुवैद्याकडे जा. तिथे निरोगी भागात शेपूट काढून टाकतात. जखम टाके न घालता मोकळी ठेवली तर शेपूट पुन्हा थोडीफार उगवते, म्हणून टाके घातले नाहीत तर घाबरून जाऊ नका. आणि शेपूट पाहताना वीसही बोटं पाहून घ्या, विशेषतः मागच्या पायाचं सगळ्यांत लांब बोट. तिथली कडी शेपटीच्या आधी नख घालवतात.

आता रेघा. इग्वानाचा रंग हा रंगवलेल्या भिंतीसारखा स्थिर नसतो. कातडीत काळं रंगद्रव्य असलेल्या पेशी असतात; ते रंगद्रव्य पेशीत पसरलं की अंग गडद, गोळा झालं की फिकट. थंडी वाजली की अंग गडद होतं, कारण गडद कातडी ऊन जास्त शोषते. सकाळी दिवा लावण्याआधी तपकिरी दिसणारं पिल्लू दुपारी पोपटी दिसलं तर यात काहीच नवल नाही. घाबरलेल्या, नुकतीच जागा बदललेल्या पिल्लाच्या पोटाच्या बाजूंवर मात्र एक खास नक्षी उमटते: काळ्या शाईने हात थरथरत काढल्यासारख्या नागमोडी रेघा, दोन्ही बाजूंना साधारण सारख्या. तुमच्या वर्णनात नेमकं हेच आहे.

खात्री करायची सोपी पद्धत आहे. पिल्लाला उबेच्या जागी दोन तास निवांत बसू द्या, मग खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता फोटो काढा. तोच फोटो दुसऱ्या दिवशी पहाटे दिवा लावण्याआधी काढा. दोन्हींत रेघांचा गडदपणा बदलला तर ती नक्षी आहे, रोग नाही. जखम, भाजल्याचा चट्टा, बुरशी यांपैकी काहीही तापमानाबरोबर फिकं होत नाही. डाग कशाचा हे ठरवण्याआधी ऊब देऊन बघायचं. थंड पिल्लाच्या फोटोवरून केलेल्या निदानाला अर्थ नाही.

यासाठी ऊब खरोखर पुरेशी हवी. बसण्याच्या फांदीवर, जिथे पाठ येते तिथे, ३५ ते ३८ अंश. पिंजऱ्याच्या थंड टोकाला २६ ते २८. रात्री २२ ते २५. काचेला चिकटवायचे गोल थर्मामीटर फार काही सांगत नाहीत, ते काचेचं तापमान मोजतात. वायर असलेला डिजिटल थर्मामीटर घ्या आणि त्याचं टोक फांदीवर बांधा. एवढं करून रेघा राहिल्या तर कारण भीतीचं. काचेतलं स्वतःचं प्रतिबिंब, समोरून येणारं-जाणारं मांजर, खालच्या पातळीवर ठेवलेली टाकी, दिवसातून दहा वेळा हातात घेणं ही नेहमीची कारणं. तीन बाजूंना बाहेरून कागद लावा, पिंजरा डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, वरच्या तिसऱ्या भागात आडवी जाड फांदी आणि तिच्यामागे दडायला पानांचा आडोसा द्या, आणि पहिले दोन आठवडे साफसफाई व खाणं सोडून हात लावू नका. दोन पिल्लं एकत्र असतील तर वेगळी करा. एक नेहमी दबून राहतं आणि गडदच दिसतं. भांडण दिसत नाही म्हणून ते नाही असं समजू नका, कारण दबलेलं पिल्लू भांडतच नाही, फक्त खाली बसतं. रेघा साधारण दोन-तीन आठवड्यांत विरतात. त्यानंतरही भरदुपारी, योग्य उबेत, दिवसभर गडद असेल तर ताजी विष्ठा जंतांसाठी तपासून घ्या.

पाठीवरच्या चट्ट्यांसाठी पाण्याची चाचणी. ओल्या बोटाने चट्टा भिजवा. सुटत चाललेली कात ओली झाली की पारदर्शक होते, चट्टा नाहीसा झाल्यासारखा वाटतो आणि सुकल्यावर परत दिसतो. कडेला ती कागदासारखी उचललेली असते आणि खालचा रंग अंगाच्या इतर भागापेक्षा टवटवीत असतो. असं असेल तर काही करायचं नाही. पिल्लं वाढीच्या काळात दर चार-सहा आठवड्यांनी कात टाकतात. भिजवूनही चट्टा तसाच राहिला, रंग पिवळट-तपकिरी असला, खपली असली आणि तिच्याखाली ओलं किंवा लाल दिसलं, तर ती कात नाही. त्याबद्दल पुढे.

त्याआधी, काही गोष्टी नव्या मालकांना हमखास डाग वाटतात आणि त्या पिल्लाच्या जन्मापासूनच्या असतात. डोक्याच्या मधोमध, डोळ्यांच्या किंचित मागे असलेला फिकट राखाडी ठिपका हा तिसरा डोळा. त्याला चित्र दिसत नाही, उजेड आणि सावली कळते. म्हणूनच वरून हात आणला की पिल्लू दचकतं. कानाच्या पडद्याखालचा मोठा, गोल, मोत्यासारखा खवला हिरव्या इग्वानाची ओळखच आहे. कॅरिबियन बेटांवरच्या इग्वाना डेलिकाटिसिमा या जातीत तो नसतो. नाकपुड्यांभोवतीची आणि काचेवर उडालेली पांढरी भुकटी म्हणजे मीठ: नाकातल्या ग्रंथी शरीरातले जादा क्षार बाहेर टाकतात आणि पिल्लू ते शिंकरतं. ओल्या कापडाने पुसलं की जातं. मांडीच्या आतल्या बाजूला ओळीने असलेले ठिपके ही ग्रंथींची छिद्रं, नरात पुढे ठळक होतात. पोटाच्या मध्यावर बारीक उभी चीर दिसत असेल तर ती बेंबीची खूण, पिल्लू अगदी लहान असल्याचा पुरावा. खांद्यावरचा उभा गडद पट्टा, त्याला लागून पांढरट रेघ, डोक्यावर आणि खांद्यावर निळसर झाक, हेही सगळं नेहमीचं. इग्वाना मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंत पसरलेला आहे आणि प्रदेशागणिक रंग बदलतो. साबा आणि मॉन्टसेराट बेटांवरचे इग्वाना वयाबरोबर इतके काळे होतात की २०२० साली त्यांना इग्वाना मेलानोडर्मा असं वेगळं नाव दिलं गेलं. डाग शरीराच्या दोन्ही बाजूंना सारखा असेल तर तो बहुधा नक्षीचा. एकाच बाजूला असेल तर बहुधा काहीतरी घडल्याचा. हा ठोकताळा नव्वद टक्के वेळा चालतो असं म्हणणार नाही, पण सुरुवात करायला चांगला आहे.

एक आडवळण, पण महाराष्ट्रात गरजेचं. अंगावर पिवळे ठिपके आणि आडव्या ओळी असलेलं, जीभ सापासारखी दुभंगलेलं ‘इग्वाना’ कुणी विकलं असेल, तर ते घोरपडीचं पिल्लू आहे. त्याच्या कानाखाली मोठा गोल खवला नसतो, गळ्याखाली लोंबती झालर नसते, मानेपासून शेपटीकडे जाणारी काट्यांची रांग नसते. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, ती घरी ठेवणं गुन्हा आहे. अशा वेळी खाऊपिऊ घालत न बसता वनविभागाला कळवा.

खऱ्या दुखण्यांत सगळ्यांत आधी माइट, म्हणजे रक्त पिणारे बारीक परजीवी, शोधा, कारण नव्या पिल्लाबरोबर दुकानातून तेच घरी येतात. काळे माइट सापांवरचेच, एक मिलिमीटरच्या आतबाहेर; दुसरे शेंदरी-लाल, जे इग्वानावर जास्त दिसतात. ते पाठीवर सहसा नसतात. बघायचं ते डोळ्यांच्या कडेला, कानाच्या पडद्याच्या काठावर, काखेत, जांघेत, गळ्याच्या झालरीच्या घडीत आणि विष्ठेच्या जागेभोवती. पांढरा टिश्यू ओला करून तिथून फिरवा. टिपलेला ठिपका बोटाने चिरडला आणि लालसर रेघ उमटली तर माइट. पाण्याच्या भांड्याच्या तळाशी मिरीच्या भुकटीसारखे कण दिसले तरी तेच. खवल्याखाली घुसून ते रक्त पितात, त्या जागी खवले किंचित वर उचललेले आणि काळपट दिसतात. लहान पिल्लू रक्त कमी होऊन मरूही शकतं.

घरी एवढंच करा: पिंजऱ्यातलं लाकूड, नारळाचा भुसा, गालिचा सगळं पिशवीत बांधून फेकून द्या. तळाला वर्तमानपत्र घाला आणि रोज बदला. कोपरे आणि जोड उकळत्या पाण्याने धुऊन वाळवा, अर्थात पिल्लू बाहेर असताना. पिल्लाला रोज कोमट पाण्यात बसवा. माइट बुडतात, पण जे वाचतात ते डोक्याकडे पळतात, म्हणून डोकं ओल्या कापसाने वेगळं पुसा. हे किमान तीन आठवडे, कारण यातून सगळी अंडी मरत नाहीत आणि नवी पिढी मागाहून बाहेर येते. पहिल्या आठवड्यानंतर ‘गेले’ म्हणून थांबणं ही इथली नेहमीची चूक. औषध पशुवैद्यच देतील, वजनावर. हे पिल्लू जेमतेम दहा-वीस ग्रॅमचं असतं, एक थेंब जास्त झाला तर तो थेंब नसतो, विषाचा डोस असतो. कुत्र्याची गोचीड पावडर, डांबराच्या गोळ्या, फिनेल, झुरळाचा स्प्रे यांपैकी काहीही पिंजऱ्याजवळ आणू नका.

दुसरं, भाजणं. पिल्लू तापलेल्या दगडावर किंवा हीटिंग पॅडवर पोट टेकून बसतं आणि कातडी भाजेपर्यंत उठत नाही. ऊन वरून येतं हे त्याला कळतं, खालून भाजतं हे नीट कळत नाही. दिव्याला जाळी नसेल तर ते थेट दिव्यावर चढतं. अडचण अशी की भाजल्याची खूण त्याच दिवशी दिसेलच असं नाही. दोन-चार दिवसांनी पोटावर किंवा पाठीच्या वरच्या भागावर तपकिरी, मग काळा, कडा स्पष्ट असलेला चट्टा येतो. म्हणून दोन-तीन दिवसांपूर्वी आणलेल्या पिल्लाच्या पोटावर आज चट्टा उगवला तर भाजणं दुकानातलंही असू शकतं. गरम दगड काढून टाका, दिवा जाळीत आणि फांदीपासून निदान ३० सेंटीमीटरवर ठेवा, आणि अंतर थर्मामीटर पाहून पक्कं करा, कारण प्रत्येक बल्बची धग वेगळी. फोड आले असतील तर फोडू नका.

तिसरं, पोटावरच्या खवल्यांचं कुजणं. आधी पाण्याने भरलेले बारीक फोड, मग खवल्यांच्या कडा तपकिरी, मग एकमेकांत मिसळलेले काळे चट्टे. कारण जवळजवळ नेहमी एकच, ओली घाणेरडी जमीन. इग्वानाला दमट हवा लागते, ६५ ते ७५ टक्के, हे सगळीकडे वाचायला मिळतं. मग लोक तळ भिजवतात, नारळाचा भुसा चिंब ठेवतात आणि पोट सडतं. हवा दमट आणि बसायची जागा कोरडी, असं हवं. झाडाच्या पानांवर दिवसातून दोन-तीनदा फवारा मारा, मोठ्या तोंडाचं पाण्याचं भांडं उबेच्या बाजूला ठेवा, जाळीचं अर्धं छत प्लास्टिकने झाका, पण तळ वर्तमानपत्राचाच.

इथे आपल्याकडच्या हवेचाही हिशेब धरा. मुंबई, कोकण, गोवा इथे पावसाळ्यात हवा आपोआपच हवी त्याहून दमट असते. तिथे फवारा बंद करून हवा खेळती ठेवायची, नाहीतर कुजणं आणि बुरशी. उलट नागपूर, औरंगाबाद किंवा पुण्यातला एप्रिल-मे, किंवा कुठल्याही शहरातली एसीची खोली, इथे दमटपणा तीस टक्क्यांच्याही खाली जाऊ शकतो आणि शेपटीवरची कडी नेमकी तेव्हाच बसतात. शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक यात औषधापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

चौथी बुरशी. पिवळट किंवा तपकिरी, जाड, खपलीसारखा चट्टा, कडेने पसरणारा, ओठांच्या कडेला, बोटांवर किंवा अंगावर कुठेही. कात निघाली तरी चट्टा निघत नाही, उलट मोठा होतो. नॅनिझिऑप्सिस गटातल्या बुरशी इग्वानाच्या कातडीतून खोल स्नायूंपर्यंत जातात, आणि माणसांच्या गजकर्णाचं मलम लावल्याने वरचा थर शांत होतो, आतलं काम चालूच राहतं. निदान चट्ट्याचा छोटा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर आणि कल्चर केल्यावरच (म्हणजे त्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहिल्यावरच) होतं, औषध पोटातून आणि काही आठवडे. तोवर हे पिल्लू इतर सरपटणाऱ्या प्राण्यांपासून वेगळ्या खोलीत हवं.

थांबून बघू नये अशी खूण एकच: पोटाच्या फिकट खवल्यांवर गुलाबी-लाल ठिपके किंवा लाली, आणि सोबत मलूलपणा. ते रक्तात जंतू पसरल्याचं लक्षण असू शकतं. रविवार असो की सण, त्याच दिवशी डॉक्टर.

बाकी किरकोळ. नाकाच्या शेंड्यावर सोललेला तांबूस डाग म्हणजे पिल्लू काचेवर तोंड घासतंय, कागद लावला की थांबतं. मांडीवर किंवा दंडावर एकच गोल काळपट डाग असेल तर दुकानात इंजेक्शन दिलं होतं का विचारा. काही प्रतिजैविकं टोचल्या जागची कातडी काळी करतात. आणि पूर्ण निरोगी पिल्लावरचे नुसते रंगाचे डागही असतात: गाजर आणि बीट खाऊन तोंडाभोवती, पोटॅशियम परमँगनेटच्या आंघोळीने तपकिरी, जंतुनाशकाने जांभळे किंवा तांबडे, आणि आपल्या घरांत हळदीने पिवळे. हळद लावू नका. अपाय होतो म्हणून नव्हे, तर डॉक्टरला खालचा रंग दिसत नाही म्हणून. खोबरेल आणि कडुनिंबाचं तेलही नको. तेलकट कातडीला कचरा चिकटतो आणि कात सुटायची ती आणखी अडते.

उघडी जखम किंवा फुटलेला फोड असेल तर डॉक्टर मिळेपर्यंत क्लोरहेक्सिडिन वापरा. दोन टक्क्यांचं द्रावण १ भाग आणि स्वच्छ पाणी ३९ भाग, म्हणजे ०.०५ टक्के होतं. ते नसेल तर पोव्हिडोन आयोडीन फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून. दिवसातून दोनदा धुवा, टिपून कोरडं करा, वर भाजल्यावर लावायचं सिल्व्हर सल्फाडायझिनचं एक टक्क्याचं मलम अगदी पातळ लावा. डेटॉल नको. या काळात तळाला फक्त कागद.

पिल्लू ‘थोडंच खातं’ असं म्हटलंय, त्याकडे डागांपेक्षा कमी लक्ष देऊ नका. कात नीट न सुटणं आणि जखमा न भरणं यांच्यामागे बऱ्याचदा कॅल्शियमची आणि यूव्हीबीची, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांची, उणीव असते. काचेतून येणाऱ्या उन्हात यूव्हीबी नसतो. सहा टक्क्यांची टी५ यूव्हीबी नळी, मध्ये काच किंवा प्लास्टिक न ठेवता, पाठीपासून २५ ते ३० सेंटीमीटरवर, दिवसाचे बारा तास. नळी पेटत असली तरी वर्षभराने बदला, कारण उजेड राहतो आणि यूव्हीबी संपतो. सकाळचं कोवळं ऊन अर्धा तास, जाळीच्या पिंजऱ्यात आणि अर्धी सावली ठेवून, याहून उत्तम काही नाही. काचेची टाकी मात्र कधीही उन्हात ठेवू नका, दहा-पंधरा मिनिटांत पिल्लू भाजून मरतं. खाणं पूर्ण शाकाहारी: शेवग्याचा कोवळा पाला, तुतीची आणि जास्वंदीची पानं-फुलं, लसूणघास, किसलेला लाल भोपळा, बारीक चिरलेला घेवडा. पालक आणि अळू टाळा, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं. किडे, अंडं, मांजराचं खाणं नको. खालचा जबडा बोटाने हलका दाबून बघा. रबरासारखा वाटला, मांड्या फुगीर आणि टणक दिसल्या किंवा बोटं थरथरली, तर हाडं मऊ पडू लागली आहेत, आणि अंगावरच्या डागांचा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर गेला.

हात लावल्यावर साबणाने हात धुणं नियमाने करा. निरोगी दिसणाऱ्या इग्वानाच्या विष्ठेतही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्याला पिल्लू हाताळू देऊ नका, आणि पिल्लाच्या आंघोळीचं भांडं स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका.

कागदपत्रांचंही बघा. इग्वाना साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तिने असे प्राणी चौथ्या अनुसूचीत घातले, आणि २०२४च्या नियमांप्रमाणे प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. तुमच्याकडे तीन आठवडे उरले आहेत. दुकानदाराकडून पावती आणि त्याच्या नोंदणीची प्रत आजच मागा.

डॉक्टरकडे जायची वेळ आली तर कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात आधी फोन करून सरपटणारे प्राणी पाहतात का ते विचारा. सोबत पट्टीशेजारी काढलेले तारीखवार फोटो, पहाटेचा आणि दुपारचा फोटो, चोवीस तासांतली विष्ठा छोट्या डबीत, आणि तापमान-दमटपणाचे आकडे लिहून न्या. वजन घरीच सोन्या-चांदीच्या छोट्या काट्यावर करा. चट्ट्याला आदल्या दोन दिवसांत काहीही लावू नका, नाहीतर कल्चरमध्ये काही उगवत नाही. नेताना पिल्लू सुती पिशवीत, पिशवी भोकं पाडलेल्या खोक्यात, शेपूट दुमडणार नाही अशी. हिवाळ्यात उबेसाठी गरम पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून खोक्याच्या एका टोकाला ठेवा, पिशवीला टेकवू नका. पोटावरचा पुढचा चट्टा तिथेच सुरू होतो.